टोन कोणी निवडला? पेटी, क्लेव्हिओलिन आणि कीबोर्ड

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर भुशीत येऊन कीबोर्डवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण तुमच्या धरणाकडेच बघा ना. रेल्वेने ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. आज इंजिनं गेली आणि पायऱ्यांवर भिजायला अख्खं पुणे-मुंबई लोटतं. वस्तू एका कामासाठी येते आणि भलत्याच कामाला लागते. अरेंजर कीबोर्डचा आपल्याकडचा इतिहास साधारण असाच आहे.

अरेंजर म्हणजे ज्यावर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल आणि साथ यंत्र पुरवतं आणि उजवा हात चाल वाजवायला मोकळा राहतो. हा कीबोर्ड आता भजनी मंडळात आहे, वरातीत आहे, एकवीरेच्या गाण्यांच्या कार्यक्रमात आहे. त्यावर बसणाऱ्याचं पहिलं काम वाजवणं नसतं, तर टोन निवडणं असतं. शेकडो नावांची यादी समोर येते, तो एक उचलतो. आमचा प्रश्न त्या यादीबद्दल आहे. ती कोणी केली? आणि आपल्याला हवा तो आवाज तीत नसेल तर वादक काय करतो?

यादीचा इतिहास फार जुना नाही. १९८३ साली मिडी आलं, म्हणजे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं. तरी एकाचा पाचवा टोन पियानो, तर दुसऱ्याचा पाचवा बासरी, असा घोळ चालूच होता. म्हणून १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचा करार झाला आणि १२८ टोनांना कायमचे क्रमांक मिळाले. आजही बहुतेक कीबोर्डांच्या पोटात ती यादी आहे. तीत आपलं काय आहे? १०५ वर सतार, ११२ वर सनई. आपलं म्हणावं असं तेवढंच, आणि तेही ‘एथनिक’ या गटात, जपानी कोटो आणि स्कॉटिश बॅगपाइपच्या पंगतीला. तालवाद्यांत बोंगो आहे, कोंगा आहे. तबला नाही, ढोलकी नाही. पेटीसुद्धा नाही! २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन हा तिचा त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, बरं का. यादी करणारे आपापल्या बाजारासाठी करतात. पुढे यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय ही मालिका काढली, तिच्यातल्या आय-५०० वर तबला-तानपुऱ्यासाठी ‘रियाज’ नावाची सोयच दिली. गिऱ्हाईक दिसलं की यादी लांबते. पण संबळ, तुणतुणं, हलगी यांचं गिऱ्हाईक कोणाला दिसणार?

आता दुसरा प्रश्न, यादीत नसलेल्या आवाजाचा. इथे थोडं थांबू, कारण याचं उत्तर मुंबईत सत्तर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन तुम्हाला ठाऊक आहे, झोपेतून उठवलं तरी ओळखाल. ती बीन नव्हेच. ती वाजवली कल्याणजी विरजी शहा यांनी, पुढे आनंदजींसोबत संगीतकार झाले तेच. वाद्य होतं क्लेव्हिओलिन, फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्तँ यांनी १९४७ च्या सुमारास काढलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच सूर देणारं. त्यावर टोन बदलायला बटणांची रांग असते. त्या बटणांची निवड करत, सुराला कंप देत, एका फ्रेंच यंत्रातून गारुडी उभा केला गेला. जोडीला रवी यांची पेटी होती.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. गारुड्याच्या खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात. एकीवर चाल, दुसरीचा सूर अखंड धरलेला. क्लेव्हिओलिनला हे एकटीने जमणं शक्य नव्हतं. पण आज वरातीत नागीन डान्स सुरू झाला की कीबोर्डवाला जो टोन घासूनपुसून तयार करतो, तो पुंगीसारखा नाही, त्या चित्रपटासारखा. लोकांनाही तोच हवा असतो. नकलेची नक्कल करताना नक्कलच मूळ ठरली. प्लेटोने अशा गोष्टीवर नाक मुरडलं असतं. आम्ही मुरडणार नाही, कारण कल्याणजींच्या कानात गारुडी होता. त्यांनी ऐकलेल्या आवाजाकडे यंत्राला ओढत नेलं. काळजी वेगळी आहे. ज्याच्या कानात मूळ नाहीच, तो यंत्राला कुठे ओढणार? सनई म्हणजे ११२ क्रमांक, एवढंच ज्या मुलाला माहीत आहे, त्याला तो टोन सुधारायला हवा हे कळणार तरी कसं?

टोन सुधारणं म्हणजे काय, तेही पाहू. भजनाचं उदाहरण घेऊ. इंद्रायणी इथून देहू-आळंदीलाच जाते. पेटी गैरहजर आहे आणि कीबोर्डवर तिची जागा भरायची आहे. जाणता वादक रीड ऑर्गन किंवा अकॉर्डियन घेतो. व्हायब्रेटो काढून टाकतो, कारण आपल्या पेटीचा सूर थरथरत नाही. ॲटॅक किंचित मंद करतो, कारण भात्याची हवा पट्टीला बोलतं करायला क्षणभर घेते. रिलीज थोडा ठेवतो, वरची धार फिल्टरने बोथट करतो. पाच मिनिटांचं काम, पण त्यामागे पेटीशेजारी बसून काढलेली वर्षं असतात. स्टाइलच्या कॉर्ड मात्र अभंगाला न विचारता चिकटतात. त्या बंद करून नुसता ठेका ठेवणारा वादक आम्हाला शहाणा वाटतो.

गंमत अशी की पेटी स्वतःच परकी म्हणून हिणवली गेली होती. गोविंदराव टेंबे ती मैफलीत एकट्याने वाजवत होते, नाट्यसंगीत तिच्यावर पोसलं होतं, तरी १९४० पासून आकाशवाणीवर तिला बंदी झाली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेप दोन: तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे स्वर समान अंतराचे, म्हणून बेसूर. दुसऱ्या आक्षेपात तथ्य होतं. सा-पासून शुद्ध गंधार ३८६ सेंटवर लागतो, पट्टी देते ४००. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला हे चौदा सेंट बोचतात. बंदी हा त्यावरचा उपाय मात्र नव्हे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० सालीच बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं होतं. ते आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम निघाली. वाद्याला हाकलण्याऐवजी त्यांनी वाद्य दुरुस्त करायला घेतलं. ती पेटी घरोघरी गेली नाही, वाजवायला अवघड होती.

आणि आज? बऱ्याच अरेंजर कीबोर्डांत ‘स्केल ट्यूनिंग’ नावाचं पान असतं. अरबी संगीताचे पाव स्वर वाजवता यावेत, हे त्याचं एक मोठं कारण. आम्ही ज्या वादकांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी ते उघडलेलं नव्हतं. पांढरी एक सा धरलीत, तर गंधार चौदा सेंट उतरवा, धैवत सोळा, निषाद बारा. मध्यम दोन उतरवा, पंचम दोन चढवा. रिषभ चार चढवा, पण इथे राग पाहून ठरवावं लागेल. सा काळी एकला नेलात तर हे आकडे पट्ट्यांवर एकेक घर पुढे सरकवायचे. मग तानपुरा लावा आणि गंधार नुसता धरून ठेवा. आधीचा आणि आताचा, दोन्ही ऐका. जमलं तर यूजर मेमरीत साठवा, नाहीतर यंत्र बंद केल्यावर पुन्हा चारशेवर जाण्याची शक्यता आहे. मागच्या रांगेत कोणीतरी कीबोर्ड आणलेला दिसतोय. या पुढे, लावून बघू.