पत्रासव, हिम आणि ‘पंच’

बाळकुम येथें एका स्नेह्यांचे घरीं, उरलेला पुदिना व गवती चहा मद्यांत भिजवून केलेलें पेय नुकतेंच पाहण्यांत आलें. ‘हा तर आपला प्राचीन आसवच,’ असें यजमान म्हणाले. हें मत तपासून पाहणें अवश्य वाटलें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत (अध्याय 25) 84 आसव सांगितले आहेत. त्यांत फळांचे 26, तर पानांचे अवघे 2. शिवाय आसवांत द्रव्य मुरत असतांनाच मद्य उत्पन्न होतें; येथें तयार मद्यांत पानें पडतात. ही कृति शार्ङ्गधराच्या ‘हिमा’स अधिक जवळची. 1 पल द्रव्य 6 पल थंड पाण्यांत रात्रभर ठेवावें, असा तो विधि. भेद इतकाच कीं, तेथें पाणी आणि येथें मद्य.

मिश्रणाचा पुरावा मात्र निराळा. 1675 त ठाण्याहून खाडीनें कल्याणास गेलेला डॉक्टर जॉन फ्रायर गोव्याकडील मद्याविषयीं लिहितांना ‘पंच’ हें नांव पांच द्रव्यांवरून पडल्याचें सांगतो. परंतु 1638 त सुरतेस आलेला मांडेल्स्लो चारच द्रव्यें देतो: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. त्यांत एकही पाला नाहीं. तेव्हां केवळ व्युत्पत्तीवर इमारत उभारूं नये.

खरा निर्णय घरगुती बाडांतूनच व्हावयाचा. वैद्यकाच्या पोथ्यांच्या समासांत उतरलेल्या कृति व त्यांतील सुटीं पानें पुष्कळदां रद्दींत जातात. संग्राहकांनीं तीं जपावीं, एवढीच विनंति.