मागच्या बाकावरचे मास्तर

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मद्रासेतील एग्मोर येथे कंपनीच्या फौजेतील युरोपीय सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रमशाळा चालत असे. तिचे अधीक्षक अँड्र्यू बेल नामक स्कॉटिश पाद्री होते. एतद्देशीय शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत शिकतात हे पाहून त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे मनात आणले, तेव्हा पगारी सहायक शिक्षकांना तो उपद्व्याप मानवला नाही. मग बेलसाहेबांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलाच्या हवाली केला, आणि मोठ्यांना न साधलेले काम त्याने करून दाखविले. स्वतः शिकत असताना दुसऱ्याला शिकविणारा विद्यार्थी ही वस्तू आपल्याकडे फार जुनी. परंतु तिला नाव देऊन, तिची पद्धती बांधून, १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापण्याचे श्रेय मात्र बेलसाहेबांकडे गेले. पुढे जोसेफ लँकेस्टरने तिला आपल्या धाटणीचे रूप दिले आणि मग हीच रीत विलायती सुधारणा म्हणून जहाजातून मुंबईच्या बंदरावर परत उतरली.

ती उतरण्यापूर्वी आपल्या गावोगावच्या शाळांत काय चालत होते, याचा शोध कै. रा. वि. परुळेकर यांनी मोठ्या चिकाटीने घेतला. १८२० ते १८३० या दशकात सरकारने जिल्हाधिकाऱ्यांकडून मागविलेल्या माहितीचे कागद दप्तरांतून बाहेर काढून त्यांनी ते १९४५ साली प्रसिद्ध केले. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या सोप्यावर बसणारी ही पंतोजींची शाळा, तिच्यातील धुळपाटी, मोडीचे वळण, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे आणि सायंकाळचा परवचा, यांविषयी आज पुष्कळ गोडवे गाइले जातात. पंतोजींचा हात छडीवर किती तत्परतेने जात असे याचाही विसर पडू देऊ नये. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे, ती ही की त्या शाळेत सगळ्यांना एकाच वेळी एकच धडा देण्याची कल्पनाच नव्हती. पंतोजी एकेका मुलाला जवळ घेत आणि उरलेल्यांना वरची मुले सांभाळीत. जो पोरगा धाकट्यांचे पाढे म्हणवून घेता घेता पंतोजींची हिशेबाची हातोटी उचली, तोच पुढे कधी काळी त्यांच्या गादीवर बसे. उमेदवारी वेगळी नव्हती आणि तिची परीक्षाही नव्हती.

मुंबईत १८२२ साली एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखाली शाळा व शाळापुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्यापुढे पहिला प्रश्न पुस्तकांचा आणि दुसरा मास्तरांचा होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस, आणि त्यांच्या जोडीला सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे. या मंडळींनी लँकेस्टरच्या पद्धतीत चोवीस शिक्षक तयार करून १८२६ साली इलाख्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना केले. सरकारी खर्चाने ‘तयार’ केलेल्या मास्तरांची आपल्याकडील ही पहिली तुकडी म्हणावयास हरकत नाही. थोड्या पैशांत पुष्कळ मुले शिकवावयाची, आणि त्यासाठी मुलांनाच मुलांवर नेमावयाचे, हे तिच्या विद्येचे मर्म होते. काटकसर हा या इतिहासाचा पाया आहे आणि पुढील दीडशे वर्षांत तो कोणी फारसा हलविलेला नाही.

१८४५ साली मुंबईत देशी भाषांच्या शिक्षकांसाठी ‘नॉर्मल क्लास’ उघडला गेला आणि त्याचे संचालकत्व बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. गणित, ज्योतिष, इतिहास, व्याकरण अशा नाना विषयांत संचार असलेला हा विद्वान मास्तर घडविण्याच्या कामाला लागतो न लागतो तोच, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, त्याचे देहावसान झाले. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर व त्यासाठी विद्यावेतनावर भर दिला गेला आणि मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाला स्थैर्य आले. त्याचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भूषविले. त्यांच्याच हातून निघणारे ‘मराठी शाळापत्रक’ खेड्यापाड्यांतील मास्तरांच्या हाती जाई. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री पुढे ज्या तेजस्वी शैलीने गाजले, तिचे पहिले धडे या मास्तरांच्या मासिकात गिरविले गेले. ते शाळापत्रक १८७५ मध्ये सरकारने बंद केले, यावरून ते निव्वळ पाठ कसे द्यावेत एवढेच सांगत नसावे असे अनुमान काढणे गैर होणार नाही.

सरकारी वाटेला समांतर अशी दुसरी एक वाट होती. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती अहमदनगरला मिस फेरर यांची मुलींची शाळा डोळ्यांनी पाहून आल्यानंतर. सावित्रीबाईंना घरी शिकवून त्यांनी शिक्षिका केले. इतरत्र दुसऱ्याचा वर्ग पाहून येणे हा केवळ अभ्यासक्रमाचा एक रकाना होऊन बसला. येथे तसे पाहण्यातून एका शहराची रीत बदलली. मास्तर कसा घडवावा याविषयी त्या शतकातील सर्वांत स्पष्ट मतही जोतीरावांचेच आहे. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले व बाकीचे अप्रशिक्षित आहेत, आणि त्यांचे पगार तुटपुंजे आहेत. शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. प्रसंग पडला तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. ट्रेनिंगच्या शाळेत कृषी व आरोग्य यांची मूलतत्त्वे शिकवावीत. पगार बारा रुपयांहून कमी नसावा. आणि गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे देऊन त्यांना गावगाड्यात मानाचे स्थान द्यावे. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी भरणारा कुणबी, आणि त्याच पट्टीच्या हिश्शातून शिकलेला पण त्याच्या ओट्यावर न बसणारा मास्तर, या दोहोंमधील अंतर जोतीरावांनी अचूक दाखविले. आयोगाने कागद नोंदवून घेतला. मास्तरांच्या माथी बिनपगारी कामे मात्र पुढे पुष्कळ आली.

ट्रेनिंग कॉलेजात राहून शिकणाऱ्या उमेदवाराची दिनचर्या कशी ठरली, हे समजावयास त्या काळची तपासणीची व्यवस्था ध्यानी घ्यावी लागते. परीक्षेच्या निकालावर अनुदान, अशी रीत त्या काळी या इलाख्यात रूढ झालेली होती. डिपोटीसाहेबांची स्वारी वर्षाकाठी येई, मुलांना एकेक करून विचारी, आणि शेरेबुकात जो शेरा पडे त्यावर शाळेचे पुढील वर्ष अवलंबून राही. ज्याला आयुष्यभर डिपोटीसमोर उभे राहावयाचे, त्याची तालीमही तशाच प्रसंगाने व्हावी हे ओघानेच आले. सराव पाठ हा अशा रीतीने तपासणीच्या पोटी जन्मला. वर्गाच्या मागे वही घेऊन बसलेले अध्यापक, त्यांच्या शेजारी टीका लिहिणारे सहाध्यायी, आणि पुढे खडू हाती घेऊन उभा राहिलेला, घाम पुशीत असलेला उमेदवार, हे दृश्य म्हणजे भावी तपासणीची रंगीत तालीम होय.

त्या तालमीला जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट व त्याचे अनुयायी यांच्याकडून एक संहिताही मिळाली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन या पायऱ्या पाठाच्या टाचणात एकामागून एक आल्याच पाहिजेत, मग विषय बेडकाचा असो वा बाजीरावाचा. १९०४ च्या कर्झनशाही ठरावाने, उपपत्ती व प्रत्यक्ष अध्यापन यांची सांगड घातली जावी आणि प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजाला सरावाची शाळा जोडलेली असावी असे बजावले. १९०६ मध्ये मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेजही निघाले. ठराव चांगला होता; त्याचा परिणाम मात्र सराव शाळेच्या मुलांवर असा झाला की मास्तरकीच्या कलेचे खरे जाणकार तीच होऊन बसली. चौथीच्या वर्गाने एकाच वर्षात आग्र्याहून सुटकेचा पाठ किती उमेदवारांच्या तोंडून ऐकला असेल याची गणती नाही. त्यामुळे प्रस्तावनेत “मिठाई कशात ठेवतात?” एवढे मास्तरांनी विचारण्याचा अवकाश, की पुढच्या बाकावरून “आग्र्याहून सुटका!” असा जयघोष होई आणि हेतुकथनाचे प्रयोजनच संपे. मायाळू मुले तपासनीस आलेले पाहून हात वर करीत; खट्याळ मुले तेवढ्याच हेतुपुरस्सर गप्प बसत. या वर्गाच्या लहरीवर कित्येकांची श्रेणी ठरली असेल.

आणि तरीही या सर्व नाटकात उमेदवार काहीच शिकत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो शिके, पण बहुधा टाचणवहीबाहेर. सकाळी प्रार्थनेची रांग लावणे, कॅटलॉग मांडून हजेरी घेणे, शाईच्या दौती भरणे, शुद्धलेखनाच्या वह्या तपासणे, पहिलीच्या मुलाचे बोट धरून त्याच्याकडून ‘ग’ गिरवून घेणे, उलटी झालेल्या पोराला घरी पोहोचविणे: या कामांना गुण नव्हते, म्हणून त्यांच्यावर कोणाची नजरही नव्हती. परंतु अमुक मुलगा फळ्याकडे डोळे बारीक करून का पाहतो, तमुक मुलगी सोमवारी हटकून गैरहजर का असते, वजाबाकीत हातचा घ्यावयाच्या वेळी अर्धा वर्ग एकाच ठिकाणी का अडखळतो, हे सगळे या बिनगुणी तासांत कळे. वर्गशिक्षक अनुभवी व मनमोकळा असला तर मधल्या सुट्टीत डब्याच्या वेळी तो दोन गोष्टी सांगे, त्या कुठल्याही पुस्तकात नसत. तो रुक्ष असला तर उमेदवाराला निव्वळ बदली मास्तर समजून वर्ग त्याच्यावर सोपवी आणि आपण पगारपत्रकाच्या कामाला लागे. मला विचाराल तर त्यातूनही उमेदवाराचा फायदाच अधिक होत असावा, कारण मागे कोणी शेरा लिहिणारा नसताना वर्ग सांभाळावा लागणे ही शिक्षकाची खरी स्थिती आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही कथा काहीशी निराळी आहे. मेरी कार्पेंटर यांच्या खटपटीनंतर १८७० मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर, आणि अण्णासाहेब कर्वे यांनी १९१७ मध्ये हिंगण्यास, ही सोय वाढविली. विधवा होऊन माहेरी परतलेल्या मुलीला शाळेच्या वर्गात उभे राहणे हा उपजीविकेचा प्रश्न तर होताच, पण चार लोकांसमोर मोठ्याने बोलण्याचा आयुष्यातील पहिला प्रसंगही होता. तिच्या सराव पाठावर मागच्या बाकावरून होणारी टीका तिला बहुधा सौम्यच वाटली असेल; घरची टीका तिने ऐकलेली होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज उघडले, तेव्हा जोतीरावांच्या निवेदनातील नांगराचे रुमणे धरणारा शिक्षक प्रथमच सरकारमान्य झाला असे म्हणता येईल. नाव बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे, आणि उमेदवार बहुजनांच्या घरचे. दोन वर्षांनी वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली आणि टाचणवहीत ‘समवाय’ हा नवा रकाना दाखल झाला. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल व नागरिकशास्त्र शिकवावयाचे होते. कल्पना थोर होती, परंतु तपासणीच्या दिवशी मुले सूत कमी आणि उत्तरे जास्त काढू लागली, हे नई तालीमच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

खरे परिवर्तन एका आडबाजूच्या ठिकाणी झाले. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या अखेरीस तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. तेथील शिकाऊ बालसेविकेला वर्गाच्या मागे बसण्याची सोयच नव्हती, कारण कुरणाला मागचा बाक नसतो. तिने पाहावयाचे होते ते मुलाकडे: ते मणी कसे ओवते, पाणी पाहून दचकते की धावते, कोणाशी बोलते, किती वेळ एका जागी बसते. आजवर मागून मास्तरांकडे लागलेली नजर येथे वळली आणि मुलावर स्थिरावली. मॉन्टेसरीबाईंच्या विचारात हे होतेच. पण आदिवासी पाड्यावर, पैशांच्या कायम टंचाईत, ते करून दाखविणे ही ताराबाई व अनुताई यांची स्वतःची कमाई.

सरकारी कॉलेजांपर्यंत ही दृष्टी फार सावकाश झिरपली. तेथे स्टॅनफर्डकडून आलेले सूक्ष्म अध्यापन रुजले, म्हणजे पाठाचे तुकडे करून पाच-सहा मिनिटांत एकेक कौशल्य दाखविणे. त्यात वर्ग मुलांचा नसून सहाध्याय्यांचाच असल्याने ‘आग्र्याहून सुटका’ ओरडणारे कोणी उरले नाही. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यातील वीस आठवडे शाळेत घालविण्यास सांगितले. या काळाला आंतरवासिता असे भारदस्त नाव आहे. छात्राध्यापकाने परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत शाळेतच असावे, हजेरी घ्यावी, पालकसभेला बसावे, एखाद्या मुलाचा सविस्तर अभ्यास लिहावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे पूर्वी जी कामे बिनगुणी होती, ती आता कागदावर आली आहेत आणि अर्थात त्यांना गुणही लागू झाले आहेत. फाइल तपासणारे प्राध्यापक आठवड्यातून कधी तरी येतात. इतर दिवशी छात्राध्यापक आणि त्याचा वर्ग एकमेकांच्या हवाली असतात, आणि मुख्याध्यापक शेवटी उपस्थितीच्या दाखल्यावर सही करतात.