आधी विद्यार्थी, मग इमारत

शिक्षणसंस्थेला नवा अध्यक्ष लाभला की लोक प्रथम विचारतात, "इमारत केव्हा होणार?" मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

अंजुमनची स्थापना १८७४ साली झाली. तिच्या संस्थापकांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. इंग्रजी शिकल्याने मुलगा दीनपासून दुरावेल, ही धास्ती तेव्हा घरोघर होती. जोडीला गरिबी होतीच. अशा काळात संस्थेने १८८० साली पहिली शाळा काढली. आरंभी शिक्षक ३ आणि विद्यार्थी १२० होते, असे संस्था सांगते. १८८२ साली हंटर आयोगापुढे तय्यबजींनी मुसलमानांच्या शैक्षणिक मागासलेपणाची कैफियत मांडली. शाळा चालवून दाखविली होती, म्हणून त्या शब्दाला वजन होते.

१८९० साली ते अंजुमनचे अध्यक्ष झाले. बोरीबंदरसमोरील भव्य वास्तू १८९३ साली उघडली, म्हणजे स्थापनेनंतर १९ वर्षांनी! १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, तरी १९०६ साली इंतकाल होईपर्यंत त्यांनी अध्यक्षपद सांभाळले. पुढे १९३६ साली साबू सिद्दीक संस्थेच्या रूपाने तंत्रशिक्षणाचीही सोय झाली.

डहाणू, मसोलीच्या पालकांनी यातून एवढेच घ्यावे: अध्यक्ष योजना आखील, देणगीदार पैसा देतील, परंतु दहावीनंतर मुलाला कामाला आणि मुलीला घरी न बसविता वर्गात पाठविणे हे आपल्याच हाती आहे. वर्ग भरला, तरच इमारतीला अर्थ.