बहुप्रोसेसर संगणक आणि जुनी ऑपरेटिंग सिस्टीम

एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकावर जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला ते सर्व दिसावेत आणि कामाची वाटणी त्यांच्यात व्हावी, यासाठी फर्मवेअर, कर्नल व परवाना या तिन्ही पातळ्यांवर जुळणी असावी लागते. पिंपरी-चिंचवड व चाकण यांसारख्या यंत्रउद्योगाच्या पट्ट्यात हा प्रश्न केवळ इतिहासापुरता उरत नाही; कारण सीएनसी किंवा मोजमाप यंत्राचे आयुष्य त्याच्या संगणकाहून मोठे असते आणि यंत्राच्या कार्डाचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवरच चालत असल्यास संगणक बदलूनही ऑपरेटिंग सिस्टीम तीच ठेवावी लागते.

संगणक सुरू होताना एकच प्रोसेसर कामाला लागतो व इतरांना ऑपरेटिंग सिस्टीम मागाहून जागे करते. त्यांची यादी तिला बायॉस या फर्मवेअरने मेमरीत ठेवलेल्या तक्त्यातून मिळते. या तक्त्याचे स्वरूप प्रथम इंटेलच्या १९९४ व १९९७ च्या बहुप्रोसेसर विनिर्देशांनी आणि पुढे एसीपीआय या मानकाने ठरवले.

विंडोज ९५ व ९८ एकच प्रोसेसर वापरतात आणि त्यावर उपाय नाही. विंडोज २००० व एक्सपी यांत मात्र कर्नल आणि 'हॅल' हा यंत्रसामग्री व कर्नल यांमधील थर एकप्रोसेसरी व बहुप्रोसेसरी अशा दोन रूपांत असून त्यांची निवड स्थापनेच्या वेळी होते. म्हणून नंतर प्रोसेसर वाढवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकच आलेख दिसत असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील 'एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी' ही नोंद 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी' अशी बदलतात. मूळ नोंद 'स्टँडर्ड पीसी' असल्यास पुनर्स्थापना करणेच योग्य. चुकीच्या हॅलमुळे संगणक सुरूच न होण्याचा धोका असल्याने आधी डिस्कची पूर्ण प्रत घेणे आवश्यक ठरते. परवान्यानुसार एक्सपी होम एक व प्रोफेशनल दोन प्रोसेसर वापरते, परंतु ही मोजणी चिपची असते, तिच्यातील कोअरची नव्हे. लिनक्समध्ये अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय १९९६ च्या २.० आवृत्तीपासून आली.

पुण्यातील सी-डॅक या संस्थेच्या १९९१ च्या परम ८००० या महासंगणकातही ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक प्रोसेसर होते, पण त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र मेमरी असून ते परस्परांना संदेश पाठवत. येथे विचारात घेतलेल्या संगणकांत सर्व प्रोसेसर एकच मेमरी वापरतात.

सर्व प्रोसेसरची ओळख पटली तरी एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) चालणारा प्रोग्राम वेगवान होत नाही, उलट एकच प्रोसेसर गृहीत धरून लिहिलेला जुना ड्रायव्हर बिघडू शकतो. त्यामुळे उत्पादनाचे यंत्र एका प्रोसेसरवर सुरळीत चालत असल्यास ते तसेच ठेवणे आणि, एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला असल्याने, त्याला बाहेरच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवणे श्रेयस्कर होय.