मिहिर विरानीचा मृत्यू आणि खानदेशातील प्रेक्षक : एका शोकाचा इतिहास

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकेतील पात्र मरते तेव्हा मरणारी व्यक्ती मुळात अस्तित्वातच नसते. तिच्यासाठी येणारे रडू मात्र खरे असते. या विसंगतीकडे सुशिक्षित समाजाने बहुधा हसण्यावारीच पाहिले आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतील मिहिर विरानी हे पात्र २००१मध्ये अपघातात मरण पावल्याचे दाखवण्यात आले, तेव्हा देशभर उमटलेली प्रतिक्रिया अशाच थट्टेचा विषय झाली. घरच्या बायकांना खरे-खोटे कळत नाही, एवढे म्हणून तो विषय तेथेच मिटवण्यात आला. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा संदर्भ डोळ्यांसमोर ठेवून त्या शोकाकडे सामाजिक इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. १९०६मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि त्यांतूनच पुढे हे जिल्हे आकारास आले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तरी सांस्कृतिकदृष्ट्या हा टापू एकच राहिला आहे.

मालिका आणि तिची वेळ

३ जुलै २००० रोजी स्टार प्लस या वाहिनीवर दोन कार्यक्रम एकाच दिवशी सुरू झाले. एक अमिताभ बच्चन यांचा ‘कौन बनेगा करोडपती’ आणि दुसरा एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सची ही मालिका. पहिल्याची चर्चा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झाली. दुसरी घराघरांत शिरली आणि ६ नोव्हेंबर २००८पर्यंत, १,८०० हून अधिक भाग, तेथेच राहिली. स्मृती इराणी यांनी तुलसीची, तर अमर उपाध्याय यांनी तिचा पती मिहिर याची भूमिका केली होती.

मालिकेची वेळ रात्री साडेदहाची होती. शहरी वाचकास ही बाब किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कापूस, केळी व ज्वारीच्या या प्रदेशात पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या आणि नंतर निंदणीस किंवा वेचणीस जाणाऱ्या स्त्रीसाठी साडेदहा ही झोपेची वेळ असते. त्या वेळी जागे राहणे म्हणजे उद्याच्या श्रमातून अर्धा तास उसना घेणे होय. सर्वांची जेवणे झाली, भांडी घासून झाली, पुरुषांच्या बातम्या पाहून झाल्या, आणि मग उरलेला हा अर्धा तास कोणाच्याही वाट्याचा नव्हता. तो तिने स्वतःसाठी ठेवला होता. मिहिर गेला तो या अर्ध्या तासात. त्या दुःखाचे मोल ठरवताना ही वेळ विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९९९मध्ये अल्फा मराठी व २०००मध्ये ई-टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या होत्या. ‘आभाळमाया’सारखी मराठी मालिका उपलब्ध होती. तरीही एका गुजराती कुटुंबाची हिंदी कथा या भागाला परकी वाटली नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेश गुजरातशी शतकाहून अधिक काळ जोडलेला आहे. मजुरी व व्यापार यांसाठी सुरतेकडे जाणे येथे नित्याचे. गुजर समाजाची वस्ती तापीकाठी जुनी आहे आणि अहिराणी बोलीवर गुजरातीचा ठसा सर्वमान्य आहे. विरानी कुटुंबातील ‘बा’ची हाक, तिचे ‘जय श्रीकृष्ण’ म्हणणे, हे सारे शेजारच्या घरातले वाटावे इतके जवळचे होते. (ही बा कथेत किती वर्षे जगली याचा हिशेब कोणीही मागितला नाही. प्रेक्षकांची तक्रार पात्राच्या दीर्घायुष्याबद्दल क्वचितच असते.)

कथेतील मरण आणि खानदेशचा श्रोता

दूरचित्रवाणीने खानदेशी माणसाला कल्पित पात्रासाठी रडायला शिकवले, असे समजणे चुकीचे ठरेल. कीर्तनातील श्रावणबाळाचे मरण, स्मशानातील तारामती आणि रोहिदास, चक्रव्यूहातील अभिमन्यू यांच्यासाठी येथील श्रोता पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत आला आहे. कथेचा शेवट ठाऊक असूनही रडू येते. किंबहुना तो ठाऊक असल्यामुळे अधिकच येते.

रंगभूमीवर हेच घडले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९मध्ये रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची सिंधू मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची बसली. बालवयात याच बालगंधर्वांनी जळगावात मेहबूबखान यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते आणि शहरातील खुले नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. सिंधूच्या मरणाने हेलावलेल्या प्रेक्षकाला कोणी भोळसट म्हटले नाही. त्याला रसिक म्हटले गेले.

याहून जवळचे उदाहरण साने गुरुजींचे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या १९५३च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. श्यामच्या आईच्या मृत्यूने मराठी माणसाच्या तीन-चार पिढ्या रडल्या आणि त्या रडण्याला संस्कार मानले गेले. शाळांनी ते पुस्तक मुलांच्या हाती दिले. येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, आईसाठी रडणारा वाचक संस्कारित ठरतो आणि मिहिरसाठी रडणारी गृहिणी अडाणी का ठरते? दोन्ही कृतींच्या वाङ्मयीन गुणवत्तेत मोठे अंतर आहे, हे उघड आहे. परंतु थट्टा मालिकेच्या गुणवत्तेची झाली नाही. ती रडणाऱ्यांची झाली. माध्यम नवे, वेळ रात्रीची आणि प्रेक्षक स्त्री, एवढ्यावर तो निकाल दिला गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

शोक कोणासाठी?

मालिकेच्या पुढील वाटचालीतच या प्रश्नाचे उत्तर सापडते. प्रेक्षकांच्या दडपणामुळे मिहिर परत आला. तो मेला नव्हता, त्याची स्मृती हरपली होती, असे कथानक रचण्यात आले. पुढे २००२मध्ये अमर उपाध्याय यांनी मालिका सोडली, त्यांच्या जागी इंदर कुमार आले आणि नंतर रोनित रॉय. मिहिरचा चेहरा दोनदा बदलला, तरी मालिका लोकप्रियच राहिली. ज्या प्रेक्षकांनी मिहिरचे मरण मान्य केले नाही, त्यांनी त्याचा बदललेला चेहरा मान्य केला. याचा अर्थ, शोक केवळ एका देखण्या नटासाठी नव्हता. मिहिरविना उरणारी तुलसी त्यांना पाहवणार नव्हती.

तुलसीच्या कपाळावरील कुंकू आणि गळ्यातील मंगळसूत्र हे मालिकेतील सजावटीचे सामान नव्हते. कुटुंबातील तिचे स्थान त्यांवर उभे होते. नवरा गेल्यावर बाईला हळदीकुंकवाला न बोलावणे, शुभकार्यात मागे उभे करणे, हे खानदेशातील प्रेक्षक स्त्रियांनी आपल्या आईच्या, जावेच्या, शेजारणीच्या बाबतीत पाहिलेले होते. काहींनी ते स्वतः भोगले होते. घरातील सर्वांत कर्ती सून एका रात्रीत त्या मागच्या रांगेत जाणार, ही शक्यता त्यांना कथा म्हणून पाहता आली नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या वाट्याला हेच वैधव्य आले होते आणि त्यांनी ते आपल्या गाण्यांत सोसून दाखवले. तुलसीच्या प्रेक्षकांपाशी गाणे नव्हते, पण विषय तोच होता. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२मध्ये केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. मिहिरच्या मरणानंतर एकवीस वर्षांनीही असा ठराव करावा लागला, यावरून २००१मधील भीती निराधार नव्हती हे स्पष्ट होते. मालिकेने मात्र वैधव्याच्या प्रश्नाला हात घालण्याऐवजी नवराच परत आणला. ही पळवाट निर्मात्यांना सोयीची होती. प्रेक्षकांनाही ती हवी होती, हे नाकारता येत नाही.

प्रेक्षकांनी कथा बदलायला लावण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर झाले. उत्तरकांडही दाखवावे यासाठी जालंधर येथील सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे लव-कुशाची कथा पडद्यावर आली. तेथे संघटित कामगार होते, त्यांना रस्ता होता. खानदेशातील प्रेक्षक स्त्रीला असा रस्ता नव्हता.

मोजलेला आणि न मोजलेला शोक

मिहिर परत आणण्याचा निर्णय ज्या आकड्यांकडे पाहून घेतला जात असे, ते आकडे कोणाचे होते? त्या काळी प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रे शहरी घरांतच बसवलेली होती. ग्रामीण घरांची नियमित मोजणी ‘बार्क’ या संस्थेने २०१५मध्ये सुरू केली. २००१च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील सात दशांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. म्हणजे चोपडा, शिरपूर, साक्री वा पारोळा तालुक्यातील खेड्यातली बाई रडली काय आणि न रडली काय, त्या हिशेबात तिची नोंद होणारच नव्हती. केबलचालकाला महिन्याचे पैसे तीही देत होती. जाहिरातींतील साबण आणि तेल तीही विकत घेत होती. तिचे पाहणे बाजाराला हवे होते, तिचे मत मात्र गृहीत धरलेले होते.

त्यामुळे या शोकाचा जो पुरावा मागे राहिला, तो मुंबईचा राहिला. निर्मात्यांच्या कार्यालयात दूरध्वनींचा भडिमार झाला, पांढऱ्या साड्या नेसलेल्या स्त्रिया आपल्या घरी आल्या, आपली आईही तो भाग पाहून रडली, असे अमर उपाध्याय यांनी नंतरच्या मुलाखतींतून सांगितले आहे. अशा आठवणी रंजक असतात, परंतु त्या काळजीपूर्वक वापराव्या लागतात. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटले, तेव्हा लंडनच्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, ही हकीकत शतकभर छापली गेली. तिला समकालीन पुरावा सापडलेला नाही. वाचकांचा रोष मात्र खरा होता आणि १९०३मध्ये होम्स परत आला. पांढऱ्या साडीची आठवण अक्षरशः खरी असो वा सांगता सांगता वाढलेली असो, लोकांना ती पटली ही गोष्टही अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पांढरी साडी हा शोकाचा वेश आहे आणि विधवेचाही. तुलसीवर जे ओढवणार होते, ते त्या आठवणीतील स्त्रियांनी स्वतःच्या अंगावर घेतलेले दिसते.

खेड्यातील प्रतिक्रिया मात्र पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर आणि एस.टी.च्या थांब्यावर बोलली गेली. रात्री वीज गेल्यामुळे ज्यांचा भाग हुकला, त्यांना तो सकाळी दुसऱ्या कोणाकडून ऐकावा लागे, आणि ऐकवणारी आपल्या पदरचे चार शब्द घालूनच ऐकवी. कीर्तनकार तरी दुसरे काय करतो? त्या काळी तिशीत असलेल्या स्त्रिया आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांत स्वातंत्र्यसैनिकांच्या, जात्यावरच्या ओव्यांच्या नोंदी घेतल्या, तशाच या आठवणीही विद्यार्थ्यांकरवी टिपून घेता येतील. बहुतेक विद्यार्थ्यांना त्यासाठी घराबाहेर जाण्याचीही गरज पडणार नाही.

२९ जुलै २०२५ रोजी ही मालिका नव्या पर्वासह पुन्हा सुरू झाली. तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी आल्या, मिहिर म्हणून अमर उपाध्याय आले, आणि वेळ रात्री साडेदहाचीच ठेवण्यात आली.