डी अँड डीमध्ये खेळाडू गावकऱ्यांना त्रास द्यायला लागले तर काय करायचं? गेम मास्टरसाठी संपूर्ण माहिती

समजा तुम्ही मित्रांसोबत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताय आणि तुम्ही गेम मास्टर आहात. टोळी गावात शिरते. पाच मिनिटांत एकाने खाणावळवाल्याची मानगूट धरली, दुसऱ्याने गल्ला उचलला आणि तिसरा म्हणतो, "मी छप्पर पेटवतो." सगळे हसतायत. तुम्ही आठवडाभर बसून रचलेली गोष्ट मात्र तिथेच अडकली.

मी दिवसा कोड लिहितो आणि शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर कॉलेजच्या मित्रांसाठी गेम चालवतो. हा प्रॉब्लेम मी आधी चुकीच्या पद्धतीने सोडवला होता. तुमच्याकडून ती चूक होऊ नये म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात: हा खेळ काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ 1974 मध्ये आला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. बाकीचं सगळं जग, म्हणजे राजा, दुकानदार, पहारेकरी, रस्त्यावरचं पोर, हे गेम मास्टर सांभाळतो. या पात्रांना एनपीसी म्हणतात. मोबाईल गेममधला दुकानदार ठरलेली दोन-चार वाक्यं बोलतो. इथे मात्र तुम्ही त्याच्याशी काहीही बोलू शकता, काहीही करू शकता. खेळाची खरी मजा हीच आहे आणि भानगडही इथूनच सुरू होते.

जो दिसेल त्याला मारायचं, लुटायचं आणि पुढच्या गावाला जायचं, अशा पात्रांना खेळाडू गमतीने 'मर्डरहोबो' म्हणतात. घर ना दार, हातात फक्त तलवार!

खेळाडू असं का वागतात?

1. नियमांचं गणित. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य गावकऱ्याचा आर्मर क्लास 10 आणि हिट पॉइंट्स फक्त 4 आहेत. आता पहिल्या लेव्हलचा, 16 ताकदीचा फायटर घ्या. हल्ल्याला त्याला 5 चा बोनस मिळतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 5 किंवा जास्त पडले की वार लागला. शक्यता 80 टक्के. लाँगसोर्डचं नुकसान आठ बाजूंचा फासा अधिक 3, म्हणजे कमीत कमी 4. थोडक्यात, वार लागला की गावकरी आडवा! वर त्याला हरवल्याचे 10 एक्सपी आहेतच. नियमच सांगतात की हे सोपं आहे.

2. व्हिडिओ गेमची सवय. जीटीएमध्ये थोडा वेळ लपून बसलं की पोलिसांचे स्टार निघून जातात आणि शहर सगळं विसरतं. तीच अपेक्षा घेऊन नवा खेळाडू टेबलावर येतो.

3. आपलीच चूक. "एक दुकानदार उभा आहे" एवढंच सांगितलं तर खेळाडूला माणूस दिसत नाही, नुसतं दुकान दिसतं.

4. कंटाळा किंवा कुरघोडी. कधी कधी खेळाडूला काय करायचं तेच कळत नाही. कधी त्याला फक्त बाकीच्यांना हसवायचं असतं.

मी केलेली चूक

आमच्या गटातल्या एकाने बाजारातल्या म्हाताऱ्या फळवाल्याशी घासाघीस सुरू केली. मग त्याला थोबाडीत मारली, गाडी उलटवली आणि एकेक फळ वेचायला लावलं. दहा मिनिटं हे चाललं. मला राग आला, पण मी बोललो काहीच नाही. पुढच्या शनिवारी मी कुणालाच हरवता येणार नाही असा सेनापती पाठवला आणि सगळ्या टोळीला तुरुंगात टाकलं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनाही. पुढचा तासभर नियमांवरून भांडण झालं.

त्या दोन्ही रात्री गटातली एक मैत्रीण जवळजवळ गप्प होती. नंतर ती यायचीच बंद झाली. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "माझे बाबा रस्त्यावर गाडी लावतात. लोक त्यांच्याशी कसं बोलतात ते मी लहानपणापासून बघतेय. शनिवारी परत तेच बघायला कशाला येऊ? तू त्याला नंतर शिक्षा दिलीस, पण तेव्हा थांबवलं नाहीस."

तेव्हा कळलं की इथे दोन वेगळे प्रॉब्लेम असतात. एक गोष्टीतला, दुसरा खऱ्या माणसांमधला. गोष्टीतला प्रॉब्लेम गोष्टीत सुटतो. माणसांमधला फक्त बोलून सुटतो. मी दुसऱ्या प्रॉब्लेमवर पहिल्याचा उपाय मारला होता.

मग काय करायचं? स्टेप बाय स्टेप

स्टेप 1: सेशन झिरो घ्या. खेळ सुरू करण्याआधी एकदा फक्त गप्पांसाठी बसा. 2020 च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकातही याची माहिती आहे. तीन प्रश्न पुरेत: आपली पात्रं हिरो आहेत की गुंड? कोणत्या गोष्टी खेळात अजिबात नकोत? आणि आपल्या पात्रांना एकत्र काय बांधून ठेवतं?

स्टेप 2: थांबवायची खूण ठरवा. जॉन स्टाव्रोपोलस यांचं 'एक्स कार्ड' सोपं आहे. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ऑनलाइन खेळत असाल तर चॅटमध्ये नुसतं 'एक्स' टाईप केलं तरी चालतं.

स्टेप 3: फासा टाकण्याआधी विचारा. "तुला यातून नक्की काय हवंय?" बऱ्याचदा उत्तर "मला माहिती हवीय" किंवा "मला तो घाबरायला हवाय" असं असतं. मग धमकावण्याचा फासा टाकू द्या. परिणामही आधीच सांगा: "बाजार भरलेला आहे, वीस जण बघतायत. तरी मारायचंय?" आणि हे लक्षात ठेवा: पाचव्या आवृत्तीत जवळून केलेल्या वाराने कुणी शून्य हिट पॉइंट्सवर आला, तर त्याला ठार न मारता फक्त बेशुद्ध करता येतं. नव्या खेळाडूंना हा नियम सहसा माहीतच नसतो.

स्टेप 4: गावकऱ्याला माणूस बनवा. नाव, एक काम आणि एक नातं, एवढंच लिहा. "भोपळे विकणारी आजी, तिचा नातू पहारेकरी आहे, तिला उद्या घरभाडं द्यायचंय." एका ओळीत फरक पडतो.

स्टेप 5: जगाला आठवण द्या. 1998 च्या 'बाल्डर्स गेट' या कॉम्प्युटर गेममध्ये टोळीची 1 ते 20 अशी पत असते. ती घसरली की दुकानदार भाव वाढवतात आणि चांगले साथीदार सोडून जातात. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या टेबलटॉप खेळात प्रत्येक कामगिरीनंतर टोळीच्या नावावर 'हीट' जमा होते. कुणाचा जीव गेला तर 2 जास्त. 9 चौकोन भरले की वॉन्टेड लेव्हल एकाने वाढते. तुम्हीही एका कागदावर अशी साधी नोंद ठेवू शकता:

- दुकानदाराला मारलं: दुसऱ्या दिवशी बाजार बंद, वैद्य दार उघडत नाही.
- चोरी केली: पुढच्या गावात टोळीचं वर्णन आधीच पोचलेलं.
- घर जाळलं: बेघर झालेलं कुटुंब पुढे शत्रूच्या बाजूने उभं.
- मदत केली: फुकट मुक्काम, खरी बातमी, अडचणीत आसरा.

शेवटची ओळ विसरू नका. चांगलं वागून काहीच मिळत नसेल तर कोण कशाला चांगलं वागेल?

स्टेप 6: बक्षीस बदला. मारण्याच्या एक्सपीऐवजी गोष्टीतला टप्पा पूर्ण झाल्यावर सगळ्यांना एकदम लेव्हल द्या. याला माईलस्टोन पद्धत म्हणतात. गावकरी मारण्याचा हिशोबी फायदाच संपतो.

काय करू नये?

- गावातला प्रत्येक म्हातारा गुपचूप जादूगार निघाला असं दाखवू नका. खेळाडूंना तुमचा राग लगेच कळतो.
- एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना देऊ नका.
- गेम चालू असताना अर्धा तास भाषण देऊ नका. पाच मिनिटांचा ब्रेक घ्या आणि त्या खेळाडूशी एकट्याने बोला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाईट पात्र खेळायचंच नाही का?
खेळा की! सगळे तयार असतील तर गुंडांची गोष्टही भारी होते. 1991 च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड'मध्ये पात्र क्रूर वागलं की त्याची 'ह्युमॅनिटी' कमी होत जाते. वाईटपणाची किंमत हाच तिथला विषय आहे.

"माझं पात्र असंच वागलं असतं" असं कुणी म्हणालं तर?
पात्र त्यानेच बनवलंय. म्हणा, "मग या टोळीसोबत राहील असं पात्र बनव."

बोलूनही फरक पडला नाही तर?
त्याला पुढच्या खेळाला बोलवू नका. मैत्री वेगळी, टेबल वेगळं.

खेळ शिकायला पुस्तकं विकत घ्यावी लागतात का?
नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम असलेलं 'एसआरडी 5.1' 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. मोबाईलवर पीडीएफ उघडली की झालं.

माझी मैत्रीण परत आली नाही. मी माफी मागितली, तिने ती स्वीकारली, आणि आता ती दुसऱ्या गटात खेळते. आमच्या टेबलावर तेव्हापासून एक्स कार्ड आहे. ते आजवर दोनदाच वापरलं गेलंय. दोन्ही वेळा आम्ही प्रसंग सोडला, पुढे गेलो आणि पुढच्या शनिवारी सगळे हजर होते.