माहितीची पुनःप्राप्ती, जालीय साठवणयंत्रांतील

जालाला जोडलेले साठवणयंत्र बिघडल्यामुळे, त्यातील नोंदी चुकीने पुसल्या गेल्यामुळे किंवा त्याची अंतर्गत रचना विस्कटल्यामुळे अप्राप्य झालेली माहिती परत मिळविण्याच्या तंत्राला ही संज्ञा लावतात. अनेक डिस्क एका पेटीत बसवून त्यांवरील जागा जालावरील सर्व संगणकांना एकाच वेळी वापरता येईल, अशी सोय या साठवणयंत्रात केलेली असते. व्यवहारात ते ‘नॅस’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. एकट्या संगणकाच्या डिस्कवर एखादी फाइल सलग किंवा थोड्या तुकड्यांत लिहिलेली असते. उलट डिस्कसंचात ती सर्व डिस्कांवर पसरलेली असते आणि त्यांपैकी एखादी डिस्क सुटी काढून वाचल्यास तीतून बहुधा काहीच अर्थबोध होत नाही. या तंत्राचा इतिहास म्हणूनच बव्हंशी डिस्कसंचाच्या रचनेचा, तिच्यावर टाकलेल्या विश्वासाचा आणि त्या विश्वासाच्या मर्यादांचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : आयबीएम या कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच (सु. ६१ सेंमी.) व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व तिच्यात सु. ५० लक्ष अक्षरे मावत. त्या काळी डिस्कवरील मजकूर बिघडला, तर तो ज्या छिद्रित पत्रांवरून वा चुंबकीय फितींवरून भरलेला असे, त्यांवरूनच पुन्हा भरला जाई. पुनःप्राप्ती हे स्वतंत्र तंत्र बनले ते वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये प्रसृत केलेल्या आज्ञावलीसंचात पुसलेली फाइल परत आणणारी एक आज्ञावली होती. डॉस या कार्यकारी प्रणालीत फाइल पुसताना सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाई व तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. प्रत्यक्ष मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी राही. या साध्या वस्तुस्थितीवर पुढे सबंध व्यवसाय उभा राहिला. ऑनट्रॅक व ड्राइव्हसेव्हर्स या अमेरिकन कंपन्या १९८५ मध्ये स्थापन झाल्या.

यांत्रिक बिघाडाचा प्रश्न निराळा आहे. वाचन-लेखन शीर्ष फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे धुळीचा एखादा कणही पृष्ठभाग खरवडण्यास पुरेसा होतो व डिस्क उघडण्याचे काम धूलिमुक्त कक्षातच करावे लागते. या कौशल्याची कसोटी लागली ती कोलंबिया या अवकाशयानाच्या बाबतीत. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान वातावरणात परतताना भंग पावले व त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूच्या श्यानतेवरील एका प्रयोगाची डिस्क काही महिन्यांनी अवशेषांत सापडली. ती होरपळलेली होती, तरी तीतील सु. ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तबकड्यांवरील लिहिलेला भाग सुदैवाने शाबूत होता व डॉस प्रणालीने मजकूर विखुरलेला नव्हता, ही दोन कारणे त्या यशामागे होती. यांतील दुसरे कारण डिस्कसंचाच्या बाबतीत मुळातच उपलब्ध नसते.

डिस्कसंचाची रचना : अनेक डिस्कांपैकी एक निकामी झाली, तरी उरलेल्यांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा रचता यावा, या कल्पनेचे एक एकस्व आयबीएममधील नॉर्मन केन ऊची यांना १९७८ मध्ये मिळाले होते. तथापि या कल्पनेला शास्त्रीय मांडणी व नाव मिळाले ते १९८८ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका निबंधाद्वारे मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकाच्या अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असे सुचविले व या रचनेला आद्याक्षरांवरून ‘रेड’ असे नाव दिले. अडचणही त्यांनीच दाखवून दिली. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कांच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत होणार. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पुरवणी माहिती साठविण्याच्या पाच पद्धती सांगितल्या.

त्यांपैकी पाचवी पद्धत पुढे फार प्रचारात आली. तिचे तत्त्व सोपे आहे. तीन डिस्कांवर एकाच स्थानी अनुक्रमे १, ० व १ हे अंक असतील, तर चौथ्या डिस्कवर असा समता-अंक लिहितात, की चारही मिळून एकांची संख्या सम व्हावी. येथे तो ० येतो. दुसरी डिस्क निकामी झाली, तर उरलेल्या १, १ व ० यांत एकांची संख्या आधीच सम असल्याने हरवलेला अंक ० होता, हे निश्चित कळते. समता-अंकांचे खंड एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्व डिस्कांवर ठेवल्यास एकीवरच भार पडत नाही. खंडाचा आकार, डिस्कांचा क्रम व समतेच्या फेरपालटाची रीत या तीन गोष्टी ठाऊक असल्याखेरीज मात्र मूळ मजकूर जुळत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेल्या जालीय फाइल-प्रणालीमुळे दुसऱ्या संगणकावरील फाइल आपल्याच संगणकावरील असल्याप्रमाणे वापरता येऊ लागली. या दोन प्रवाहांच्या संगमातून केवळ साठवणीसाठी वाहिलेली यंत्रे निर्माण झाली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटअ‍ॅप कंपनीने ती मोठ्या कार्यालयांत रूढ केली आणि २००० नंतरच्या दशकात लिनक्स प्रणालीवर चालणारी लहान यंत्रे घरे, छायाचित्रकारांच्या कार्यशाळा व छोटी कार्यालये यांपर्यंत पोहोचली. ज्याला सर्व्हर सांभाळण्याचे शिक्षण नव्हते, अशा माणसाच्या हाती डिस्कसंच आला तो या काळात. एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही, ही विक्रेत्यांची ग्वाही त्याने शब्दशः घेतली आणि निराळी प्रत ठेवणे पुष्कळांनी सोडून दिले.

विश्वासाच्या मर्यादा : बर्कलीच्या हिशोबात डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात, असे गृहीत होते. प्रत्यक्षात एकाच वेळी विकत घेतलेल्या, एकाच पेटीत तापणाऱ्या व एकच धक्का सोसणाऱ्या डिस्कांचे तसे नसते. २००७ मध्ये दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या : एक गूगल कंपनीतील संशोधकांची व दुसरी कार्नेगी मेलन विद्यापीठातील बिआंका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांची. प्रत्येकीत एक लाखाच्या आसपास वा त्याहून अधिक डिस्कांचा विचार केला होता. दुसऱ्या पाहणीत डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के, क्वचित १३ टक्क्यांपर्यंत आढळले. उत्पादकांच्या आकड्यांवरून ते एका टक्क्याहून कमी असावयास हवे होते. एक डिस्क बदलावी लागल्यानंतर लवकरच दुसरी बदलावी लागण्याचा संभवही वाढलेला दिसला. ‘रेड’च्या तीन जनकांपैकी एकानेच आपल्या मूळ गृहीतकाची अशी फेरतपासणी केली, हे उल्लेखनीय आहे.

डिस्कची धारणक्षमता वाढली तसा आणखी एक धोका पुढे आला. साध्या डिस्कांसाठी उत्पादक १०<sup>१४</sup> अंक वाचताना फार तर एक वाचनदोष संभवतो, असे सांगत. हे प्रमाण सु. १२.५ टेराबाइटला एक असे पडते. निकामी डिस्कची पुनर्रचना करताना उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे ज्या घटकेस संचाला कोणतेच संरक्षण उरलेले नसते, त्याच घटकेस त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो, आणि कित्येक वर्षांत न वाचलेल्या भागातील दोष नेमका तेव्हा उघड होतो. दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी दुहेरी समतेची पद्धत या कारणास्तव रूढ झाली.

पुनःप्राप्तीची रीत : या क्षेत्रातील जाणकार पहिला नियम सांगतात तो काही न करण्याचा. यंत्राने डिस्क निकामी झाल्याचे दर्शविताच मालक यंत्र वारंवार बंद-चालू करतो, डिस्क काढून भलत्याच क्रमाने परत बसवितो किंवा यंत्राने विचारलेल्या प्रश्नाला होकार देऊन नवा संच निर्माण करतो. मूळ बिघाडाने गेली नसती इतकी माहिती या उपचारांनी जाते. योग्य रीतीत प्रत्येक डिस्क क्रमांक घालून बाहेर काढतात व तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा जोडणीतून तिची अंकनअंक प्रत घेतात. आंतोन्यो दियास दियास यांची डीडीरेस्क्यू ही आज्ञावली या कामी विशेष उपयोगी पडते. ती प्रथम सुस्थितीतील भाग उचलते व सदोष भागाकडे नंतर वळते, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य वाया जात नाही. पुढील सर्व प्रयोग प्रतींवरच करतात. खंडांचा आकार व क्रम निरनिराळे धरून संच संगणकात काल्पनिक रीत्या जुळविला जातो आणि फाइल-प्रणालीची सूची सुसंगत दिसू लागली, की जुळणी बरोबर झाल्याचे समजते. दोन डिस्कांपैकी एक फार पूर्वीच संचाबाहेर पडलेली असेल, तर तिच्यावरील मजकूर शिळा असतो. तो ओळखून वगळणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग होय.

यंत्राच्या रचनेची माहिती खुली असणे येथे निर्णायक ठरते. लिनक्सची नेहमीची रचना वापरणाऱ्या यंत्राची पेटी वा विद्युत् मंडल जळाले, तरी त्यातील डिस्क साध्या संगणकाला जोडून वाचता येतात. ड्रोबो या २००७ मध्ये आलेल्या यंत्रात वेगवेगळ्या क्षमतेच्या डिस्क एकत्र चालत व ती सोय लोकप्रियही झाली; परंतु मांडणीची रीत कंपनीने गुप्त ठेवली होती व पेटी बिघडल्यास त्याच जातीची दुसरी पेटी मिळविण्यावाचून सामान्य मालकाला गत्यंतर नसे. तिच्या मालक कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला व २०२३ मध्ये ती विसर्जनाच्या प्रक्रियेत गेली. चालू स्थितीतील जुन्या पेटीचे मोल त्यानंतर तीतील डिस्कांहून अधिक झाले.

२०२१ मध्ये जालातून झालेल्या दोन हल्ल्यांनी ‘पुसणे’ या क्रियेचे दोन्ही अर्थ स्पष्ट केले. एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या यंत्रांतील फाइल संकेतशब्दाने बंद केलेल्या गाठोड्यांत भरून मूळ फाइल पुसण्यात आल्या व खंडणी मागण्यात आली. मूळ मजकूर तबकड्यांवर शिल्लक असल्याने पुसलेल्या फाइल हुडकणाऱ्या आज्ञावलींच्या साहाय्याने अनेकांना तो खंडणी न देता परत मिळविता आला. जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या यंत्रांना मूळ स्थितीत परतण्याची आज्ञा दुरून देण्यात आली व लोकांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत दिसेनाशी झाली. २०१५ पासून या यंत्रांच्या आज्ञावलीत सुधारणा झालेली नव्हती. कंपनीने नंतर पुनःप्राप्तीची सेवा देऊ केली. घन-अवस्था साठवणुकीत मात्र पुसलेले खंड यंत्र स्वतःच रिकामे करून टाकते, आणि सांकेतिक केलेल्या मजकुराची किल्ली हरवल्यास शाबूत डिस्कचाही उपयोग होत नाही.

मोठ्या संस्थांतील घटना : ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत साइडकिक या दूरध्वनीच्या ग्राहकांचे पत्ते, टिपणे व छायाचित्रे नाहीशी झाली. ही माहिती मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या डेंजर कंपनीच्या सर्व्हरवर असे. बिघाडाने मूळ कोश व त्याची राखीव प्रत ही दोन्ही बाधित झाली. आधी माहिती कायमची गेल्याचे सांगण्यात आले, पण काही दिवसांनी तिचा बहुतांश परत मिळाला. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सु. ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यांची पत्रे अनेक केंद्रांत साठविलेली होती, परंतु आज्ञावलीतील दोष सर्व प्रतींपर्यंत पोहोचला. जालापासून अलग असलेल्या चुंबकीय फितीच तेवढ्या बचावल्या व त्यांवरून पत्रे भरण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठ्यातून सु. ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सु. ३ कोटी ४० लक्ष फाइल गेल्या. राखीव प्रत घेणारी आज्ञावली चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती लिहिली गेल्याने जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइल पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना त्याची झळ लागली. त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळण्याजोगी नव्हती.

या मालिकेतील सर्वांत मोठी हानी दक्षिण कोरियात झाली. तेथील सरकारने २०१८ पासून कर्मचाऱ्यांना कार्यालयीन कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता ‘जी-ड्राइव्ह’ या सामाईक साठ्यात ठेवण्यास सांगितले होते व प्रत्येकाला ३० गीगाबाइट जागा दिली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम विद्युत् घटमालेने पेट घेतला आणि त्या आगीत हा साठा भस्मसात झाला. त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. एवढ्या मोठ्या क्षमतेची प्रत अन्यत्र ठेवणे रचनेमुळे शक्य झाले नव्हते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. जळालेल्या डिस्कांतून काही मिळण्यासारखे नव्हते. सर्व कागदपत्रे तेथेच ठेवण्याचा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाची हानी सर्वाधिक झाली. तेथील कर्मचारी संगणकांवर नुकत्याच जतन झालेल्या फाइल, पाठविलेली पत्रे व छापील कागद गोळा करून दप्तर पुन्हा उभे करण्याच्या कामाला लागले.